दहा माणसं आणि पायी अंतर: वस्त्यावस्त्यांतल्या सिनेगॉगांचा धागा

भडंगवाला (सांगली)
वाचनालयाच्या प्रदर्शनात यंदा 'मराठी बोलणारे ज्यू' हा विषय आहे. तीन बाय दोन फुटांचे चार फलक करायचेत. सिनेगॉगांच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांच्या, इमारतींचे फोटो पोत्याने मिळतात, पण इमारतीत जमणाऱ्या जमातीबद्दल कुणी नीट लिहीत नाही. कुठल्या वस्तीत कधी सुरू झालं, का झालं, तिथून माणसं कुठे गेली, एवढं हवंय. मुंबईवर भर, पुणे थोडंसं. मसुद्याचं पहिलं वाक्य असं आहे: "१७९६ ला मुंबईत पहिलं सिनेगॉग झालं आणि १९४८ नंतर सगळे इस्रायलला गेल्याने सिनेगॉग ओस पडले." चूक असेल तर बिनधास्त फाडा.

जुनी_पेठ
फाडतोच. वाक्याचा पहिला अर्धा बरोबर, दुसरा अर्धा आळशी.

आधी एक नियम समजून घ्या, बाकी सगळं त्यातून उलगडतं. सामुदायिक प्रार्थनेला १३ वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर प्रार्थना होते, पण तोऱ्याची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही आणि मृतांसाठीचा कद्दीश म्हणता येत नाही. दुसरा नियम शब्बाथचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत वाहन वर्ज्य. म्हणजे काटेकोर पाळणाऱ्याला सिनेगॉग घरापासून पायी जाण्याजोगं हवं. शहराची हद्द संपल्यावर तर २,००० हात, म्हणजे साधारण किलोमीटरभर, एवढीच चाल मान्य आहे.

आता बघा. वस्ती दोन-तीन किलोमीटर सरकली की नवं प्रार्थनास्थळ निघतं आणि जुन्याला दहावा माणूस शोधावा लागतो. इमारत तिथेच राहते, जमात उठून जाते. मुंबईत हे १९४८ च्या किती तरी आधी सुरू झालं होतं.

साखळी अशी:
मांडवी, १७९६. शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्याचा नवस म्हणून बांधलं, अशी परंपरा आहे. आताच्या जागी ते १८६० ला आलं.
त्याच भागात १८४३ ला वेगळी जमात निघाली, तिचं शारे रासोन. लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद' आणि 'नवी मशीद'.
मग माणसं उत्तरेला सरकली. सात रस्त्याजवळ तिफेरेथ इस्राएल, १८८६. उमरखाडीत एट्झ हाइम, १८८८. पुढे आग्रीपाड्याजवळ मॅगेन हसिदीम, आजची इमारत १९३१ ची. भायखळ्याला उदारमतवाद्यांची ज्यू रिलिजस युनियन, १९२५.
ठाण्याचं शार हाशामाइम १८७९ चं. रेल्वे ठाण्याला १८५३ ला पोचली, हे ध्यानात ठेवा.

गोदी, गिरण्या, रेल्वे, सरकारी कचेऱ्या: नोकरी जिथे आणि भाडं परवडेल तिथे. वर्षांची ही यादी घेऊन मुंबईच्या नकाशावर टाचण्या टोचा, दक्षिणेकडून उत्तरेकडे एक रेघ उमटेल.

मिरज_जंक्शन
पेठराव, मुद्दा पटला, पण इस्रायलचा वाटा तुम्ही फारच बारीक केलात. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, वीस हजारांच्या घरात होते. २०११ च्या जनगणनेत भारतभरचे सगळे ज्यू मिळून पाच हजारही भरले नाहीत. वस्ती सरकल्याने एवढी माणसं नाहीशी होत नाहीत.

जुनी_पेठ
मान्य. दोन्ही वेगळं लिहा: वस्ती सरकल्याने मांडवी रिकामी झाली, स्थलांतराने सगळ्यांनाच दहावा माणूस दुर्मीळ झाला. आणि 'सगळे गेले' हे तर नकोच. ठाण्याची जमात आजही मोठ्यांत मोडते. २०१६ ला महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तो रिकाम्या इमारतींना नव्हे.

आणखी एक. लोकांना वाटतं कोकणातली सिनेगॉग जुनी, कारण समाज मूळचा कोकणातला: नवगावला पूर्वजांचं गलबत फुटल्याचा किस्सा, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली'. प्रत्यक्षात उलट आहे. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. सगळी मुंबईनंतरची. गावात घरीच शेमा ही प्रार्थना म्हणत, सुंता आणि शब्बाथ पाळत. सिनेगॉग चालवायला लागणारा पैसा, हिब्रू वाचून प्रार्थना चालवणारा हज्जान आणि तोऱ्याची गुंडाळी हे मुंबईत जमलं आणि तिथून कोकणात परत गेलं. एक अख्खा फलक यावर करा, लोक थबकून वाचतील.

ताराताई
'मशीद' शब्दावर खुलासा हवा, नाहीतर प्रदर्शनात पहिला वाद तिथेच होईल. बेने इस्राएल मराठीत प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले. लोकलचं मस्जिद स्टेशन जुन्या मशिदीवरून, असं त्यांची परंपरा सांगते. पुण्यात कॅम्पातल्या ओहेल डेव्हिडला लोकांनी 'लाल देऊळ' केलं. एकाच धर्माच्या दोन वास्तू, एकीला मशीद म्हटलं, दुसरीला देऊळ. आपल्याकडे जो शब्द हाताशी असतो तोच चिकटतो.

सणांचीही तीच तऱ्हा. जुनी मराठी नावं हिब्रू नावांच्या शेजारी द्या. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुर म्हणजे दारफाळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. दुसरा दिवस शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. तिशा बआव म्हणजे बिरड्याचा रोजा, त्या वेळी वालाचं बिरडं.

पुरीम होळीजवळ का येतो हे इथल्या वाचकाला एका ओळीत सांगता येतं. ज्यूंचं आणि आपलं, दोन्ही पंचांगं चांद्र-सौर आहेत, त्यांचाही अधिक मास असतो, १९ वर्षांत ७. त्यामुळे पुरीमच्या अदार महिन्याची पौर्णिमा बहुधा फाल्गुन पौर्णिमेलाच पडते. अधिक मास इकडे एका वर्षी आणि तिकडे दुसऱ्या वर्षी आला की मात्र एक महिन्याचं अंतर पडतं. फलकावर 'होळीच्याच दिवशी' लिहू नका, 'होळीच्या सुमारास' लिहा.

हिशेबी_अण्णा
जमात चालते कशी, हे कुणी लिहीत नाही. मी लिहितो, तुम्ही कापा.

जुन्या रचनेत मुकादम प्रमुख, त्याच्या हाताखाली चौगुला, पैशाला गब्बाय, प्रार्थना चालवायला हज्जान, झाडलोट आणि दिवाबत्तीला शमाश. मुकादम-चौगुला ही नावं गावगाड्यातून उचललेली आहेत, हिब्रूशी संबंध नाही. उत्पन्न दोन वाटांनी. एक नेदाबा, म्हणजे स्वेच्छेने बोललेली देणगी. दुसरी, मानाच्या कामांचा लिलाव: हेखाल (गुंडाळ्यांचं कपाट) उघडण्याचा मान, सेफेर (तोऱ्याची गुंडाळी) उचलण्याचा मान. सणाच्या दिवशी बोली लागते. पैसे त्याच दिवशी हातात घेत नाहीत, कारण सणाला आणि शब्बाथला पैशाला हात लावणं वर्ज्य. नुसती नोंद ठेवतात, तीही लिहून नव्हे. लिहिणंही वर्ज्यच. म्हणून गब्बाय लक्षात राहणारा लागतो. कुठे कुठे नावाच्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवतात आणि त्यांना टाचणीने खुणा करतात, असं सांगणारेही आहेत, पण तो तपशील फलकावर नको.

आता खरी गोम. स्वातंत्र्यानंतर या सगळ्या संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदल्या गेल्या. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. निम्मे विश्वस्त इस्रायलला, एक-दोन वारलेले, अर्ज कुणी दिलेला नाही. मग तिथल्या नोंदवहीत (परिशिष्ट एक) जुनीच नावं राहतात. अशा वेळी बँक सही मानत नाही, दुरुस्तीची परवानगी अडते आणि वादात कोण विश्वस्त हेच ठरत नाही. जागा विकायची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते. ती घ्यायलाही अधिकृत विश्वस्त हवाच.

त्यात भाड्याचा प्रश्न. शहरातल्या बऱ्याच धर्मादाय संस्थांच्या आवारात जुनी दुकानं आणि खोल्या भाड्याने असतात. १९४७ च्या भाडे नियंत्रणामुळे भाडी गोठली. छताची एक गळती काढायला लागणारा खर्च वर्षभराच्या भाड्याहून जास्त. म्हणून गळती राहते, लाकूड कुजतं, आणि दहा वर्षांनी तीच दुरुस्ती कैक पट महाग होते. सिनेगॉग ओस पडायला माणसं कमी होणं जितकं कारणीभूत, तितकंच हे कागदही.

भडंगवाला
अण्णा, हे कलमांसकट फलकावर घेऊ का? लोक वाचतील?

हिशेबी_अण्णा
कलमं नको. "विश्वस्त परदेशी, सही कुणाची?" एवढं घ्या. सांगलीत प्रत्येक देवळाच्या ट्रस्टमध्ये हीच रड आहे, त्यामुळे लगेच उमगेल.

ओला_कागद
गुंडाळीबद्दल राहिलंय. तोऱ्याची गुंडाळी हा पुस्तकाचा प्रकार समजू नका. चामड्याची पानं जनावराच्या शिरेच्या धाग्याने शिवून ती केलेली असते, त्यात ३,०४,८०५ अक्षरं, सगळी हाताने. बेने इस्राएलांच्या आणि बगदाद्यांच्या (बगदादकडून आलेल्या ज्यूंच्या) सिनेगॉगांत ती उभ्या लाकडी पेटीत असते, वाचतानाही उभीच ठेवतात. वर्षभरात ५४ भाग वाचून संपवतात.

एक अक्षर उडालं, की गुंडाळी पसूल, म्हणजे सामुदायिक वाचनाला अपात्र. अक्षर तुटलंय की वाचण्याजोगं आहे, असा संशय आला तर ते एका लहान मुलाला दाखवतात. फार हुशार नको आणि अगदी मंदही नको. मागचं-पुढचं झाकून फक्त तेवढं अक्षर. मुलाने बरोबर सांगितलं तर चालतं. हुशार मूल अंदाजाने सांगतं म्हणून ते चालत नाही. चूक निघाली की ३० दिवसांत दुरुस्ती, ती सोफेर म्हणजे प्रशिक्षित लेखनिकच करतो. भारतात तो सहजासहजी मिळत नाही, बाहेरून आणावा लागतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेत ८० टक्क्यांहून जास्त दमटपणा. चामड्याला तो ५० टक्क्यांच्या आसपास लागतो. दमटपणात ते फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, आणि शाई चामड्यात मुरलेली नसून वर बसलेली असते, त्यामुळे दर खेपेला थोडी पापुद्र्याने सुटते. इथे २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीकरांनी ओले कागद पंख्याखाली वाळवले. ते चामड्याला करू नका. कडक ऊन किंवा हीटर दिला की चामडं शिंगासारखं आकसून कडक होतं आणि परत सरळ होत नाही. ओलं चामडं सपाट, सावलीत, टीपकागदात, थोड्या ताणाखाली हळूहळू वाळवायचं, आणि ते जाणकाराकडूनच.

वाचवण्यापलीकडे गेलेली गुंडाळी जाळत नाहीत, कचऱ्यात टाकत नाहीत. मातीच्या मडक्यात ठेवून दफनभूमीत पुरतात. प्रार्थनेची जुनी पुस्तकंही तशीच पुरतात. त्यामुळे जमातीची जुनी छापील सामग्री कमी मिळते. संशोधक शोधतात कपाटात आणि ती असते जमिनीखाली.

मिरज_जंक्शन
पुण्याचं लाल देऊळ आणि बेने इस्राएल यांचा संबंध नीट मांडा हो. सगळे एकच धरतात.

जुनी_पेठ
बरोबर आठवण केली. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड बगदादी ज्यूंचं. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा, १८६७ ला पुरं झालं. ससून १८६४ ला पुण्यातच वारले, समाधी आवारातच आहे. बेने इस्राएलांचं सुक्कथ शेलोमो रास्ता पेठेत, १९२१ चं. लाल विटांचं आणि मनोऱ्याचं ते पहिलं, पेठेतलं साधं ते दुसरं. फोटो अदलाबदल होऊ देऊ नका.

मुंबईतही तीच विभागणी: भायखळ्याचं मॅगेन डेव्हिड (१८६४) आणि फोर्टातलं केनेसेथ एलियाहू (१८८४) ससून घराण्याची. बगदाद्यांनी १८३६ ला दफनभूमीत बेने इस्राएलांपासून वेगळी भिंत मागितली होती. हे लपवू नका. पुढे बगदादी मोजके उरले आणि त्यांच्या सिनेगॉगात मिन्यान भरायला बेने इस्राएलच आले. भायखळ्याच्या ससून शाळेत तर आज जवळपास सगळी मुलं मुसलमान आहेत. वस्ती बदलली, शाळा चालूच राहिली.

आणि जेकब सर्कल, म्हणजे सात रस्ता, हे नाव ज्यूंवरून नाही. एका इंग्रज सेनाधिकाऱ्यावरून आहे. फलकावर ती चूक दिसली तर मी स्वतः येऊन पुसेन. तिथून निघणारा डॉ. ई. मोझेस मार्ग मात्र आपल्याच कामाचा: डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ ला मुंबईचे महापौर होते.

बेदाणा_तासगाव
एवढ्या मोठ्या धाग्यात आमचा बेदाणा कुणी आणला नाही! किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आणि सणाच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, वाइन लागते. बेने इस्राएल घरात वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करत आले. प्रदर्शनात चवीला ठेवणार असाल तर प्रमाण घ्या.

पाव किलो काळी मनुका, एक लिटर पाणी. नियम असा, की मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त हव्यात, आणि सुकून खडखडीत झालेल्या नकोत, दाबल्यावर थोडा रस यायला हवा. कोमट पाण्याने दोनदा धुवा, रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात हाताने कुस्करा, पातळ फडक्यातून गाळा. घाई असेल तर १०-१५ मिनिटं उकळून थंड करून गाळा, रंग जास्त गडद येतो. साखर घालू नका, गरजच पडत नाही.

हिरवा बेदाणा घेऊ नका. आपल्याकडे हिरवा बेदाणा पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर सावलीत १२ ते १५ दिवस वाळवतात आणि रंग टिकायला गंधकाची धुरी देतात. सरबताला गंधकाचा वास येतो. काळ्या मनुकेत तो त्रास नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवलं तर चोवीस तासांत वर फेस येतो, म्हणजे आंबायला लागलं. फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

ताराताई
मलिदाही ठेवा. २० जणांना अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ, पाव किलो साखर, वेलदोडा, बेदाणे, बदामाचे काप. पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवायचे, भिजत घालायचे नाहीत, नाहीतर गोळा होतो. नारळ खवून लगेच मिसळायचा. साखर अगदी शेवटी, आधी घातली की पाणी सुटतं. दूध-तूप अजिबात नाही, कारण दुधाचं आणि मांसाचं एका जेवणात चालत नाही आणि मलिद्यानंतर बहुधा मांसाचं जेवण असतं. नारळ आपोआप त्या जागी बसतो. ताटात भोवती पाच प्रकारची फळं, सुवासाला गुलाब किंवा सब्जा. झाडाच्या फळाचं, जमिनीच्या पिकाचं, सुगंधाचं असे वेगवेगळे आशीर्वाद म्हणतात, म्हणून नुसते पोहे ठेवून मलिदा होत नाही. हा एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने करतात, नवस फेडायला किंवा लग्नाआधी. चिठ्ठीवर 'प्रसाद' लिहू नका.

मिरज_जंक्शन
फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी. मिरजेहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सीएसएमटी. लोकलने पुढचंच स्टेशन मस्जिद, तिथून जुनी मशीद पायी. शनिवार आणि सण सोडून जा, त्या दिवशी फोटो काढू देत नाहीत. २००८ च्या हल्ल्यानंतर आधी परवानगी आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतंच. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल किंवा टोपी. आत गेल्यावर आधी दिशा बघा: हेखाल, म्हणजे गुंडाळ्यांचं कपाट, जेरुसलेमकडच्या भिंतीला, आपल्याकडून पश्चिमेला. मध्ये तेबा, वाचायचा चौथरा. सुंतेच्या विधीत एलियाहूसाठी वेगळी खुर्ची असते, ती रिकामी असली तरी तिच्यावर बसू नका.

भडंगवाला
मसुद्याचं पहिलं वाक्य बदललं: "दहा पुरुष पायी जमू शकतील तिथे जमात, ते जमेनासे झाले तिथे फक्त इमारत." तिसऱ्या फलकावर टाचण्यांचा नकाशा. एकच शंका. शीर्षकाखाली हिब्रू ओळ टाकावी का? फ्लेक्सवाला म्हणतो कॉपी-पेस्ट करून देतो.

ओला_कागद
कॉपी-पेस्ट नको. मराठी डीटीपीत हिब्रू टाकलं की अक्षरं डावीकडून उजवीकडे लागतात आणि ओळ उलटी छापली जाते. चित्र म्हणून द्या, आणि छापण्याआधी वाचता येणाऱ्याला दाखवा. प्रार्थनेची ओळ तर घेऊच नका. त्यात देवाचं चार अक्षरी नाव असेल, तर प्रदर्शन संपल्यावर तो फ्लेक्स भाजीच्या गाड्यावर आडोशाला बांधता येणार नाही, जमिनीत पुरून टाकावा लागेल. सिनेगॉगचं नुसतं नाव घ्या, शार हारहमीम.

भडंगवाला
घेतलं. सरबताला काळी मनुका दोन किलो आणतो, तासगावहून कुणी येणार असेल तर सांगा.